बँकॉक: एका दिवसात जुनं शहर आणि लांब शेपटीच्या नावेतून कालवे (ज्येष्ठांना घेऊन)

नदीकाठची | १८ डिसेंबर, रात्री ९:१२

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई, नवरा, नववीतली लेक आणि मी असे चौघं बँकॉकला जाऊन आलो. आईचं वय ७४, गुडघे दोन्ही दुखरे. निघण्याआधी इथले जुने धागे उपसले. खरेदी, पट्टाया, सफारी यांवर पुष्कळ सापडलं, पण जुनं शहर आणि त्याचे कालवे एका दिवसात, वयस्कर माणसाला सांभाळून कसे बघायचे, यावर जवळपास काहीच नाही. म्हणून हा धागा काढते आहे. जमलं ते सांगते, चुकलं तेही सांगते. जाणकारांनी भर घालावी.

एका दिवसासाठी आम्ही परवानाधारक गाइड घेतली, फक्त आमच्यापुरती. पन्नाशीची बाई, इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ. मुख्य म्हणजे ती चाओ फ्राया नदीपलीकडच्या थोनबुरीत, कालव्याकाठच्या घरात वाढलेली. हा योगायोग होता, पण दिवस त्यानेच बदलला.

सकाळी आठला सनाम चाय या मेट्रो स्टेशनवर भेटलो. राजवाड्याच्या दरबारासारखे नक्षीदार खांब असलेलं हे स्टेशन २०१९ साली सुरू झालं. सरकते जिने आहेत, लिफ्ट आहे, त्यामुळे आईला टॅक्सीत तासभर वाहतुकीत बसवायची गरज पडली नाही. तिथून आधी राजवाडा. साडेआठला दार उघडतं, तेव्हाच पोचा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. वाटेत कोणी आपुलकीने "आज राजवाडा बंद आहे, मी तुम्हाला दुसरीकडे नेतो" म्हणालं, तर थांबू नका. ती रत्नांच्या दुकानात नेण्याची जुनी युक्ती आहे.

राजवाड्याच्या आवारातल्या वाट फ्रा केओ (वाट म्हणजे देऊळ) याच्या भोवतीच्या ओवऱ्यांत सगळं रामायण भिंतींवर रंगवलेलं आहे. एकूण १७८ चित्रं. त्यांच्या रामायणाचं नाव रामकियेन, राम फ्रा राम, सीता नांग सीदा आणि रावण तोत्सकान. गाइडने तोत्सकान म्हटल्याबरोबर आई म्हणाली, "दशकंठ!" तिथून पुढे त्या दोघींना आमची गरज उरली नाही. एक दाखवायची, दुसरी ओळखायची. सेतुबंधनाच्या कथेत त्यांच्याकडे रावणाची एक मुलगी आहे, सुवन्नमच्छा, म्हणजे सुवर्णमत्स्या. ती सेतूचे दगड चोरते, हनुमान तिला पकडायला पाण्यात उतरतो आणि दोघांचं प्रेम जमतं. आई बराच वेळ त्या चित्रापुढे उभी होती. मग म्हणाली, "आपला मारुती ब्रह्मचारी. पण हाही रामाचाच ना." आणि हात जोडले.

तिथून वाट फो. पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब, १५ मीटर उंच. डोळ्यांत मावत नाही, खांबांच्या फटींतून तुकड्यातुकड्याने बघावा लागतो. पावलांवर शिंपल्याच्या चकचकीत कामात १०८ शुभचिन्हं आहेत. पाठीमागे भिंतीलगत काशाची १०८ भांडी ओळीने मांडलेली, प्रत्येकात एक नाणं टाकत जायचं. आईने एकही चुकवलं नाही.

आता ज्याच्यासाठी हा धागा काढला ते.

जेवण करून एकच्या सुमारास था तिएन धक्क्यावर नावेत बसलो. रुआ हांग याओ, म्हणजे लांब शेपटीची नाव. निमुळती, लाकडी, वर कापडी छत, दोघादोघांची बाकं. समोरच्या टोकाला तीन रंगांची वस्त्रं गुंडाळलेली आणि त्यांवर फुलांचा हार. आम्ही बसलो तेव्हा नावाडी कालचा हार उतरवून नवा बांधत होता. पंचावन्न-साठीचा माणूस, चप्पल काढून पुढे गेला, हार बांधला, हात जोडले, मग मागे जाऊन इंजिन लावलं. गाइड म्हणाली, नावेत 'मे या नांग' ही देवी राहते, तिच्या जागेवर पाय ठेवायचा नाही. आई लेकीला म्हणाली, "बघ, आपल्या गाडीला दसऱ्याला घालतो तसा."

नदी ओलांडायला पाच मिनिटं, आणि ती पाच मिनिटं खडबडीत. मोठ्या बोटींच्या लाटा आडव्या येतात, तोंडावर पाणी उडतं. मग नाव बँकॉक याई कालव्याच्या तोंडाशी आली आणि पुढे पाण्याचं दार. दोन फाटकं आणि मध्ये नावांना थांबायची जागा. मागचं फाटक बंद झालं, नावाड्याने इंजिन बंद केलं. इतका वेळ डोकं भरून टाकणारा आवाज एकदम थांबला. शेजारच्या नावेतल्या बाईचं फोनवरचं बोलणं, कुठेतरी कोंबडा, आणि भिंतीला चुपूचुपू लागणारं पाणी. भिंतीवरची शेवाळाची रेघ आमच्या डोळ्यांसमोर हळूहळू वीतभर बुडाली. मग पुढचं फाटक उघडलं.

आत दुसरं गाव आहे. काही घरं सागवानी, खांबांवर उभी, काही पत्र्याची. प्रत्येकाला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. दारात कुंड्या, वाळत घातलेले कपडे, खांबावर छोटंसं देवघर. एका ओट्यावर आजोबा पाय पाण्यात सोडून पेपर वाचत होते. दगडी काठावर हातभर लांबीची घोरपड ऊन खात पडलेली. एका वळणावर झाडांच्या वर अचानक सोनेरी बुद्ध दिसला, वाट पाकनामचा. ६९ मीटर उंच, २०२१ साली पुरा झालेला. तो नावेच्या वेगाने झाडाझाडांमागून सरकत राहतो.

एका देवळासमोर नाव थांबली आणि नावाड्याने पावाचा तुकडा आईच्या हातात दिला. पाण्यात टाकताच खालून पन्नासेक मासे वर आले, शिंगाळ्यासारखे मिशावाले, हाताएवढे जाड. एकमेकांच्या पाठीवर चढून तोंड उघडत होते. काठावर पाटी होती, गाइडने वाचून दाखवली: 'खेत अफयथान'. देवळापुढच्या पाण्यात मासे मारायचे नाहीत. आईने तो शब्द दोनदा म्हणायला लावला आणि मग तिलाच उलगडला: अभयदान. अभयदानाचं क्षेत्र.

पुढे बान सिलपिन, कलावंतांचं जुनं लाकडी घर. सिलपिन म्हणजे शिल्पिन्. तिथे बाहुल्यांचा खेळ होता. एका बाहुलीला काळ्या कपड्यांतली तीन माणसं लागतात आणि ती तिघं एका श्वासाने हलतात. हनुमानाची बाहुली प्रेक्षकांत फिरत आईपाशी आली, मान वाकडी करून तिच्याकडे बघितलं आणि गुडघ्यावर बसून हात जोडले. माझ्या लेकीने फोटो काढायला फोन उचलला होता, तो तसाच राहिला.

शेवटी नावेनेच वाट अरुणला उतरलो. चिनी जहाजांतून भार म्हणून आलेल्या पोर्सेलीनच्या फुटक्या बश्यांची फुलं करून अख्खा मनोरा सजवलेला आहे. पायऱ्या फार उभ्या, आई खाली सावलीत बसली. परत येताना नदी ओलांडणारी साधी तर (फेरीबोट) पकडली, माणशी ५ बाट.

चुकलं ते: दुपारी एकला नाव घेतली, हे पहिलं. छत असूनही ऊन बाजूने भाजतं. दुसरं, धक्क्यावरून नावेत उतरणं हा दिवसातला सगळ्यात कठीण क्षण असेल हे आम्ही धरलंच नव्हतं. तरंगता धक्का खालीवर होतो, नाव वेगळ्या तालात खालीवर होते. नावाड्याने आईचा कोपर धरला आणि गाइड ओरडत होती, कडेवर नको, मधोमध पाय ठेवा. दोन तासांचे २,००० बाट झाले, माणशी नव्हे, अख्ख्या नावेचे.

---

गुळपोळी | १८ डिसेंबर, रात्री १०:०५

वाचनखूण साठवली. मार्चमध्ये सासू-सासऱ्यांना घेऊन जायचं आहे. दोघंही कांदा-लसूणसुद्धा खात नाहीत. जेवणाचं काय केलंत? तिथे भाजीतही माशाचं पाणी घालतात म्हणे.

नदीकाठची | १८ डिसेंबर, रात्री १०:३१

गुळपोळी, घालतात. नाम प्ला म्हणतात त्याला, नुसतं "चिकन नको" म्हणून भागत नाही. दोन शब्द पाठ करा. एक 'मांगसविरात', म्हणजे शाकाहारी. मांसविरती, लक्षात ठेवायला सोपा. पण तुमच्या सासू-सासऱ्यांसाठी दुसरा शब्द जास्त कामाचा: 'जे'. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असतात. त्या जेवणात मांस, मासे, अंडी, दूध काही नसतंच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य. आई तीन दिवस त्याच पाट्या शोधून जेवली.

हर्णैचा_दर्यावर्दी | १९ डिसेंबर, सकाळी ७:४८

मस्त लिहिलंय. ताई, त्या इंजिनाबद्दल सांगतो, कारण मी तिथे धक्क्यावर बसून दोन तास तेच बघत होतो. घरचा मासेमारीचा धंदा, त्यामुळे डोळा तिकडेच जातो.

ट्रकचं नाहीतर मोटारीचं इंजिन नावेच्या मागच्या टोकाला एका खुंट्यावर बसवतात, असं तोलून की एक माणूस दांडा धरून ते डावीउजवीकडे फिरवू शकतो आणि खालीवरही करू शकतो. इंजिनातून सरळ लांब शाफ्ट निघतो आणि त्याच्या टोकाला पंखा. हीच ती शेपूट. वेगळं सुकाणू नाही, पंखा ज्या बाजूला वळवाल तिकडे नाव. आमच्या होडीचा पंखा तळाखाली असतो, उथळ पाण्यात टेकला की संपलं. यांचा पंखा पाण्याच्या जेमतेम खाली फिरतो. जलपर्णी आली की दांडा दाबायचा, शेपूट वर, नाव पुढे घसरते, परत पाण्यात. कालव्यासाठी याहून योग्य रचना मला सुचत नाही.

आणि आईंच्या उतरण्याबद्दल. ती नदी समुद्राच्या भरती-ओहोटीने चढते-उतरते. तरंगता धक्का पाण्याबरोबर खाली जातो, त्यामुळे ओहोटीला काठावरून धक्क्यावर जायचा पूल चांगलाच उतरता होतो. भरतीला तो जवळपास सपाट असतो. गुडघ्याचं दुखणं असेल तर भरतीची वेळ गाठा. मात्र आपला तिथीवरून भरती काढायचा हिशेब तिथे लावू नका. त्या आखाताचं चक्र वेगळं आहे, बऱ्याच दिवशी एकच मोठी भरती असते. वेळापत्रक बघूनच ठरवा.

क्लोंगकाठी | १९ डिसेंबर, दुपारी १२:२०

नऊ वर्षं बँकॉकमध्ये राहते. दर्यावर्दींना पूर्ण अनुमोदन, फक्त एक जोड: पाणी फारच चढलं तर कालव्यांवरच्या ठेंगण्या पुलांखालून नाव जात नाही आणि नावाडी मार्ग बदलतात. म्हणजे भरती, पण ऐन उधाण नको.

नदीकाठची, तुम्ही ज्या बँकॉक याई कालव्यातून गेलात, तो मुळात कालवा नाहीच. ती चाओ फ्राया नदी आहे! नदी पूर्वी इथे मोठा वळसा घालून वाहायची. अयुथया या तेव्हाच्या राजधानीला जाणाऱ्या जहाजांचा वेळ वाचावा म्हणून १५४२ साली राजा चैराचा याने वळशाचं तोंड जोडणारा आडवा कालवा खणवला. पाण्याला जवळची वाट मिळाली, त्याने ती रुंद केली आणि कालवाच नदी होऊन बसला. जुनं पात्र अरुंद होत गेलं, आता त्यालाच बँकॉक याई आणि बँकॉक नोई कालवे म्हणतात. राजवाडा आणि वाट अरुण यांच्यामधलं जे पाणी तुम्ही ओलांडलंत, ते माणसांनी खणलेलं. आणि ज्याला कालवा म्हणून बघायला गेलात, ती खरी नदी.

हे कळल्यावर त्या वळणांचा अर्थ लागतो. कोणी खणलेला कालवा इतका वेडावाकडा नसतो.

१७६७ साली ब्रह्मी सैन्याने अयुथया उद्ध्वस्त केल्यावर राजा ताकसिनने राजधानी थोनबुरीला आणली, म्हणजे तुमच्या गाइडच्या बाजूला. १७८२ साली राजा पहिला राम याने ती नदीपलीकडे नेली. पुढे पूर्वेकडचे कित्येक कालवे बुजवून रस्ते झाले, पण थोनबुरीकडचे पुष्कळसे टिकले. शहर कसं होतं हे बघायचं तर नदी ओलांडावीच लागते.

प्रातूनामला उतरणाऱ्या मराठी मंडळींसाठी: प्रातूनाम म्हणजे पाण्याचं दार. तुमच्या हॉटेलमागे वाहतो तो सेन सेप कालवा, १८३७ ते १८४० मध्ये खणलेला, फौजा पूर्वेला न्यायला. आजही त्यातून रोज ऑफिसला जाणाऱ्यांच्या बोटी धावतात. पाणी उडू नये म्हणून प्रवासी बाजूचा प्लास्टिकचा पडदा दोरीने वर ओढतात आणि तिकीट देणारे बोटीच्या कडेवरून, पूल आला की वाकत, चालत येतात. मी रोज त्यानेच जाते. हौस म्हणून एकदा बसा, पण ज्येष्ठांना नको. थांबते न थांबते तोच निघते.

म्हापसेकार | १९ डिसेंबर, संध्याकाळी ६:५५

पाण्याच्या दाराचं वर्णन वाचून आमच्या खाजनातलं 'मानस' आठवलं. तेही पाणी किती आत घ्यायचं, किती बाहेर सोडायचं यासाठीच. फक्त आमच्यातून नाव जात नाही.

बँकॉक याई कालव्याच्या तोंडापासून चालत जाण्याजोगी एक वस्ती आहे, कुदी चीन. ती चुकवू नका. अयुथया पडल्यावर तिथले पोर्तुगीज वंशाचे ख्रिस्ती लोक खाली आले, ताकसिनने त्यांना इथे जागा दिली. सांता क्रूझ चर्च आहे आणि गल्लीत दोन-तीन घरी अजून जुन्या पद्धतीचा केक भाजतात. पीठ, बदकाची अंडी, साखर, बस्स. लोणी नाही. वरून मनुका आणि पाकवलेला कोहळा. नाव खनोम फरांग. खनोम म्हणजे खाऊ, फरांग म्हणजे आपला फिरंगी. बाहेरून कडक, आत बिस्किटासारखा मोकळा. मी चर्चच्या पायरीवर बसून खाल्ला आणि माझ्या आजीच्या घरी नाताळात येणाऱ्या डब्याची आठवण होऊन पुढे बराच वेळ उठलो नाही.

तीनचाकी | २० डिसेंबर, सकाळी ११:१०

आमचा अनुभव उलटा. आम्ही २८ जणांच्या गटातून गेलो होतो. पत्रकात 'शहरदर्शन आणि कालव्यातून पारंपरिक नौकाविहार' असं छापलं होतं. प्रत्यक्षात वाट फो ४० मिनिटांत, राजवाडा बाहेरून, मग दीड तास रत्नांच्या शोरूममध्ये, आणि नौकाविहार म्हणजे नदी ओलांडायची तर. तीच, ५ बाटवाली. विचारलं तर टूर मॅनेजर म्हणाले, बोट बोटच असते. कंपनीचं नाव लिहीत नाही, तक्रार केली आहे. माझ्या वडिलांची फार इच्छा होती हो. ते परत येऊ शकतील असं वाटत नाही.

आरक्षण करताना लेखी विचारा: कुठल्या कालव्यातून, किती वेळ, नाव फक्त आपली की सामायिक, आणि दुकानात थांबणार का. चारही उत्तरं मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

नदीकाठची | २० डिसेंबर, दुपारी १:०२

तीनचाकी, वाचून फार वाईट वाटलं. चारही प्रश्न मूळ लेखात वर घालते, तुमच्या परवानगीने.

क्लोंगकाठी, नदीची ही गोष्ट आईला आत्ताच वाचून दाखवली. ती म्हणाली, "म्हणजे आपण नदीच्या माहेरी गेलो होतो."

पिंपळपान | २० डिसेंबर, रात्री ९:३७

थोडा विरोधी सूर लावतो. मी दोन वर्षांपूर्वी हीच फेरी केली. पाणी काळपट होतं, काही ठिकाणी वास होता, आणि पर्यटकांच्या नावा इतक्या वेगाने जात होत्या की प्रत्येकीमागून उठलेली लाट लोकांच्या ओट्यांवर चढत होती. एका घरातल्या बाई भांडी घासत होत्या, आमच्या लाटेने त्यांची परात हलली. त्यांनी वर बघितलंही नाही, इतकी सवय. मला पुढचा तासभर शरमल्यासारखं झालं. आपण कोणाच्या तरी न्हाणीघरातून फेरी मारतो आहोत, असं वाटत राहिलं.

क्लोंगकाठी | २० डिसेंबर, रात्री १०:१५

पिंपळपान, तक्रार खरी आहे आणि तिथल्या लोकांचीही तीच आहे. लाटांनी काठ ढासळतात. उपाय आपल्या हातात आहे: नावाड्याला 'छा छा' म्हणा, म्हणजे सावकाश. पैसे तासावर ठरवा, फेरीवर नको. फेरीवर ठरवले की त्याला लवकर संपवून पुढचं गिऱ्हाईक घ्यायचं असतं. तासावर ठरवले की तोही निवांत, डिझेलही वाचतं. आणि काठावरच्या दुकानातून काहीतरी घ्या. होडीतून नारळाचं आइस्क्रीम विकणारी एखादी आजी दिसली तर नक्कीच. कालव्यावर माणसं राहायची तर कालव्यावर पोट भरलं पाहिजे.

नदीकाठची | २० डिसेंबर, रात्री १०:४०

आमच्या गाइडने सुरुवातीलाच नावाड्याला काहीतरी सांगितलं होतं आणि आत शिरल्यावर नाव खरंच संथ झाली होती. तेव्हा वाटलं आईसाठी असेल. आता वाटतं, ती तिच्या शेजाऱ्यांसाठी सांगत असावी. चांगली स्थानिक गाइड का घ्यावी याचं माझ्यापाशी हेच कारण आहे. इतिहास वाचून कळतो. कुठे हळू जायचं, ते तिथे वाढलेल्यालाच ठाऊक.

शहराच्या नावाची गोष्ट राहिलीच! नावेत बसल्यावर तिने बँकॉकचं पूर्ण नाव म्हणून दाखवलं, शाळेतली पोरं पाठ करतात तसं, एका दमात. क्रुंग थेप महानखोन हे नुसतं सुरुवातीचं, पुढे लांबच लांब. आई ओंजळीत वेचल्यासारखे शब्द उचलत होती. थेप म्हणजे देव, नखोन म्हणजे नगर. मग अमॉन म्हणजे अमर, नोप्फरत म्हणजे नवरत्न, राचथानी म्हणजे राजधानी, उदोम राचनिवेत म्हणजे उत्तम राजनिवेश, महासथान, पिमान म्हणजे विमान, अवतान म्हणजे अवतार, आणि शेवटी वित्सनुकम प्रसित. तिथे अडली. गाइडने अर्थ सांगितला, इंद्राच्या आज्ञेने देवांच्या कारागिराने बांधलेलं. "विश्वकर्मा!" आई इतक्या मोठ्याने म्हणाली की नावाड्याने वळून बघितलं.

चंद्रभागा_तीरी | २१ डिसेंबर, सकाळी ८:२२

सुंदर धागा. राजवाड्यातल्या पाचूच्या बुद्धाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून भर. मूर्ती उंच चौथऱ्यावर, जेमतेम ६६ सेंटिमीटर, आणि खरं तर पाचूची नव्हे, हिरव्या दगडाची, जेड किंवा जास्परची. वर्षातून तीनदा तिचा पोशाख बदलतो, उन्हाळ्याचा, पावसाळ्याचा, थंडीचा, आणि तो मान राजाचा. मी गेले तेव्हा थंडीचा होता, सोन्याच्या जाळीची शाल पांघरल्यासारखा. पंढरपुरात उन्हाळ्यात विठोबाला चंदनउटी लावतात ती बघत मोठी झाले, त्यामुळे देवालाही उकडतं, देवालाही थंडी वाजते, हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

आणि जमलं तर बाराव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला जा. लोय क्रथोंग. केळीच्या खुंटाच्या चकतीवर केळीच्या पानाचा द्रोण, त्यात फुलं, उदबत्ती, मेणबत्ती, आणि तो पाण्यात सोडायचा. नदीमातेला फ्रा मे खोंगखा म्हणतात, म्हणजे गंगाच. वर्षभर तुझं पाणी वापरलं, घाण केली, क्षमा कर, असं म्हणायचं. बहुधा आपली त्रिपुरी पौर्णिमा आणि हा सण एकाच रात्री येतात. २०२४ साली १५ नोव्हेंबरला दोन्ही होते.

नाशिकचे_आजोबा | २३ डिसेंबर, दुपारी ४:०६

नमस्कार. मी ७८, पत्नी ७५. मुलगा कामानिमित्त बँकॉकला आहे, जानेवारीत जाणार आहोत. पत्नीला काठीशिवाय चालता येत नाही आणि गेल्या वर्षी पडल्यापासून ती पायरी म्हटलं की घाबरते. तिने हा धागा माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. नावेत बसायचं असं म्हणते, आणि लगेच नको म्हणते. काय करावे?

हर्णैचा_दर्यावर्दी | २३ डिसेंबर, संध्याकाळी ५:३०

आजोबा, न्या त्यांना. चार गोष्टी करा. भरतीची वेळ. सकाळी लवकर, मोठ्या बोटी सुरू व्हायच्या आधी, म्हणजे नदी शांत असते. चढताना काठी दुसऱ्याकडे द्या आणि दोन्ही हात माणसांच्या हातात, एक नावेतून, एक धक्क्यावरून. आणि घाई करणारा नावाडी असेल तर त्या नावेत बसूच नका, दुसरी घ्या. बसल्यावर मधल्या बाकावर, पुढे नाही. पुढे आपटतं.

क्लोंगकाठी | २३ डिसेंबर, संध्याकाळी ६:१२

आजोबा, तारीख कळवा. त्या दिवसाची भरतीची वेळ आणि जवळचा सोपा धक्का मी बघून ठेवते. व्यक्तिगत निरोप करा.

गुळपोळी | २४ डिसेंबर, सकाळी ९:००

आजोबा, आल्यावर नक्की लिहा. आम्ही वाट बघतो आहोत.

नाशिकचे_आजोबा | ३० जानेवारी, रात्री ८:४५

आलो परत. टंकायला वेळ लागतो, म्हणून उशीर.

क्लोंगकाठी यांनी सांगितल्याप्रमाणे सकाळी साडेसातला गेलो. पूल जवळपास सपाट होता. तरी ती धक्क्यावर पाच-सहा मिनिटं उभी राहिली. मुलगा नावेत, मी मागे. नावाडी तरुण होता, तिशीचा. भाषा येत नव्हती, पण त्याने इंजिन बंद केले, नाव दोन्ही टोकांना दोरीने धक्क्याला आवळली, नावेच्या मधोमध एक प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, म्हणजे मध्ये एक पायरी झाली, आणि नुसता थांबला. मागे दुसरी नाव येऊन उभी होती, तिच्याकडेही त्याने बघितले नाही. मग ती स्वतःहून उतरली.

पाण्याच्या दारात नाव थांबली तेव्हा ती म्हणाली, हेच ते. तुमच्या लेखातलं सगळं तिला पाठ आहे. शेवाळाची रेघ बुडताना बघितली. अभयदानाच्या पाटीसमोर मासे बघितले. घोरपड दिसली नाही, म्हणून ती रुसली आहे.

परत आल्यावर नावाड्याने पुढे जाऊन हारांतला एक छोटा हार सोडला आणि तिच्या हातात दिला.

नदीकाठची | ३० जानेवारी, रात्री ९:२०

आजोबा, आईला मोठ्याने वाचून दाखवलं. डोळे पुसते आहे. विचारते, हार कशाचा होता? आमच्या नावेवरचा तिला लांबून नीट दिसला नव्हता. झेंडू ओळखू आला, पण मधली पांढरी फुलं कसली ते कळलं नाही.

नाशिकचे_आजोबा | ३० जानेवारी, रात्री ९:५८

पत्नीला विचारून लिहितो. मोगरा, अगदी घट्ट ओवलेला. तिकडे त्याला मली म्हणतात. आणि खाली लोंबत होती ती रुईची फुलं, पांढरी. तिने हॉटेलच्या खोलीत उशाशी ठेवला होता. शनिवार होता, म्हणून सकाळी रुईची फुलं सोडवून घेतली आणि मुलाच्या घरच्या मारुतीच्या तसबिरीला वाहिली.